पानाभोवतीचं कडं

१

बशीवरचं झाकण निघालं आणि सुलेमा आविलाचा चेहरा उतरला.

काचेच्या बशीत जंतूंची साय दाट धरली होती आणि तिच्यावर कागदाच्या दोन चकत्या ठेवलेल्या होत्या. एक चकती सुलेमाच्या औषधात भिजवलेली. गोबेर्नादोरा नावाच्या रानझुडपाचा काढा करायचा, त्यात चांदीचं मीठ घालायचं, की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात. ते हे औषध. दुसरी चकती तुलनेसाठी, नुसत्या काढ्यात बुडवलेली. औषधाच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल कडं पडायला हवं होतं, आणि ते पडलं होतं. नुसत्या पानाभोवती काही म्हणजे काही व्हायला नको होतं. तिथंही तेवढंच कडं होतं.

सुलेमाच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे परीक्षक त्रेविन्यो मोंतेर्रेहून आले होते. मोंतेर्रेची माणसं पैशाइतकेच शब्दही जपून खर्च करतात. त्यांनी बशी उजेडात धरली, खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

"नुसतं पानच जंतू मारत असेल, तर तुमच्या चांदीची गरज काय?"

सुलेमाचे मार्गदर्शक फर्मीन काब्राल यांनी घाईघाईनं उरलेला काढा यंत्रात तपासला. निकाल आणखी वाईट निघाला. नुसत्या पानाच्या काढ्यात चांदी सापडली.

"म्हणजे बाटल्यांची सरमिसळ झाली," त्रेविन्यो म्हणाले. "आज झाली, तशी आधीही झाली असणार. मग प्रबंधातला कुठला निकाल खरा धरायचा? शुक्रवारी समिती बसेल. माझं मत प्रबंध रद्द करावा असं आहे."

शुक्रवार आता तीन दिवसांवर होता.

२

साकातेकासच्या या संस्थेत सगळे एकमेकांना पाण्यात पाहत. त्यामुळे चौकशीला माणूस कुठला आणायचा, हा संचालकांना प्रश्नच होता. शेवटी त्यांनी एउलालिया बेरूमेनना फोन केला. बेरूमेनबाईंनी उभी हयात वनस्पतींच्या रसायनात घालवली होती, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांची कुणाशीही मैत्री नव्हती. या कामाला हाच गुण हवा होता.

बाई बुधवारी सकाळी टेकडीवरून काठी टेकत उतरल्या. आधी सुलेमाचा प्रबंध चाळला. एकेका बशीचे फोटो, एकेक कडं नीटस आणि स्वच्छ. बाईंना हेवा वाटला, आणि तो त्यांनी स्वतःपासून लपवला नाही. असं काम आपल्या हातून का झालं नाही, म्हणून त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग त्यांनी सुलेमाला समोर बसवलं.

"चूक झाली असेल तर आत्ताच बोल. मला परत टेकडी चढायचीय."

"नाही झाली, बाई. काढा मी शुक्रवारी केला, गाळला, फ्रिजमध्ये ठेवला. सोमवारी चकत्या भिजवल्या. चांदीच्या कपाटाची किल्ली एक सरांकडे आणि एक माझ्याकडे. काढ्याच्या बाटलीजवळ मी चांदी आणलीच नाही."

"तुझं हे बोलणं तुझ्याच गळ्याशी येतंय, कळतंय ना? किल्ल्या दोन. म्हणजे एक तर तू, नाही तर तुझे सर."

सुलेमानं मान खाली घातली. बाईंनी काढ्याची उरलेली बाटली उजेडात धरून हलवली. तळाशी फिकट कण तरंगले, नासक्या दुधात दिसतात तसे.

"हे काय?"

"माहीत नाही. शुक्रवारी नव्हते. मी स्वतः गाळला होता."

बाईंनी ती बाटली पिशवीत टाकली आणि काब्रालसरांचं दार ठोठावलं.

सर खुर्चीत रेलून बसले होते. दुःख चेहऱ्यावर होतं, पण ते घाईघाईनं चढवलेलं दिसत होतं.

"पोर हुशार आहे हो. पण हुशारी डोक्यात गेली की हात सैल पडतात."

"लिस्बनच्या परिषदेचं आमंत्रण तिला एकटीला आलं म्हणे."

सरांचा चेहरा आंबट झाला. "कल्पना माझी, प्रयोगशाळा माझी, यंत्र माझ्या खटपटीनं आलेलं. आणि आमंत्रण बाईसाहेबांना. मला वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर तुम्ही हसाल."

"हसेनच. चांदीची किल्ली कुठं असते तुमची?"

त्यांनी गळ्यातली साखळी वर ओढली. माता ग्वादालुपेच्या पदकाशेजारी किल्ली लोंबत होती.

"अंघोळीलासुद्धा काढत नाही," ते म्हणाले. आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

३

उलिसेस हा सुलेमाचा बरोबरीचा विद्यार्थी. तो संत्र्याच्या सालींपासून चांदीचे कण करायचा, आणि त्याचे कण जंतूंना गुदगुल्या करण्यापलीकडे काही करत नसत. बाईंना तो खायच्या खोलीत भेटला. फ्रिज उघडून मरगळलेल्या लेट्यूसच्या गड्ड्याकडे तो रागानं बघत होता.

"या भाजीनं तुझं काय वाकडं केलंय?"

"अपमान केलाय, बाई. दर सोमवारी सगळी प्रयोगशाळा मिळून पोसोले खातो. मक्याचं सार एकानं आणायचं, वर घालायचे कच्चे मुळे दुसऱ्यानं, असं. या सोमवारी लेट्यूसची पाळी माझी. मी चांगला गड्डा निवडून आणला, तर पेर्लाताई आपल्या घरूनच धुऊन, चिरून, डबा भरून हजर. म्हणे तुला त्रास नको. माझ्या हातची भाजीसुद्धा लोकांना नको झालीय."

"आणि सुलेमाचं काय वाटतं तुला?"

उलिसेसनं फ्रिजचं दार बंद केलं. "खरं सांगू? ती पडली तर मला वाईट वाटेल. पण जेवण जाईल."

"म्हणजे जळतोस."

"जळतो ना. लिस्बनची गोष्ट निघाली की माझ्या पोटात दुखतं. पण हे मी केलेलं नाही. मला करायचं असतं तर तिच्या औषधात चिमूटभर मीठ टाकलं असतं. चांदी जागच्या जागी फाटली असती, कडं पडलंच नसतं, आणि ती सगळ्यांसमोर तोंडावर आपटली असती. तिची चांदी तशीच ठेवून पानाला घोड्यावर बसवायला मी काय खुळा आहे?"

बाई जायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. पोरगं मत्सरानं बोलत होतं, पण बोलत होतं ते शहाणपणाचं. सुलेमाचं औषध कुणी बिघडवलं नव्हतं. ते हरलं नव्हतं. कुणीतरी पानाला जिंकवलं होतं.

४

पेर्ला किरार्ते ही सुलेमाची मावसबहीण. दोघी रानातल्या एकाच गावच्या, एकाच घरात वाढलेल्या, आणि आता एकाच प्रयोगशाळेत. पेर्लाचं संशोधन पानांतल्या द्रव्यांवर होतं. तिनं बाईंना कॉफी करून दिली, दालचिनी घालून, न विचारता.

"सुलेमा लबाड नाही, बाई. तुम्ही समितीला तसं सांगा. वाटलं तर मी लिहून देते."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? नात्यातली तू."

"नात्यातली म्हणूनच सांगते. ती गर्विष्ठ आहे, हट्टी आहे, माझे कपडे न विचारता घालते. पण निकालात फेरफार करणार नाही."

"गर्विष्ठ म्हणजे कशी?"

पेर्लानं आपला कप हातात घेतला. "गेल्या महिन्यात रेडिओवर मुलाखत झाली तिची. माझी आई गावात गोबेर्नादोराच्या काढ्यानं लोकांच्या जखमा धुते. डोन्या ताचा म्हटलं की रानात कुणीही घर दाखवील. सुलेमाला विचारलं, हे औषध तर आपल्या लोकांचंच ना? तर म्हणाली, नुसतं पान म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. खरं काम चांदी करते."

"आईनं ऐकलं?"

"ऐकलं. रेडिओ बंद केला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली."

"आणि तू?"

"मी काय करणार? मी सुलेमाला चहा केला. ती दमून आली होती."

पेर्ला हे सहज बोलली. पण तिचा अंगठा कपाच्या कानावर इतका दाबला गेला होता की नख पांढरं पडलं होतं. बाईंनी कॉफी संपवली. कॉफी उत्तम होती. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "काढा होता तो फ्रिज कुलपात असतो का?"

"नाही. चांदी असते कुलपात. काढा कोण चोरणार?"

५

गुरुवारी बाईंनी स्वतःसाठी मुळे आणले आणि खायच्या खोलीत धुवायला घेतले. मोरीपाशी भाजी निर्जंतुक करायच्या थेंबांची बाटली होती. त्या देशात अशी बाटली नसलेलं स्वयंपाकघर सापडायचं नाही. पाण्यात काही थेंब टाकायचे, भाजी बुडवायची, थोडं थांबायचं. कच्ची भाजी न भिजवता खाल्ली की पोट धरून बसायची वेळ येते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

बाईंचा हात बाटलीवरच थांबला. या थेंबांत दुसरं असतं काय? चांदीच की. कुलपाबाहेरची, किल्लीवाचूनची, किराण्याच्या दुकानात मिळणारी चांदी. आणि ती तळाशी बसू नये म्हणून त्यात जिलेटिन घातलेलं.

त्यांनी पिशवीतून काढ्याची बाटली काढली. पानांतला तुरटपणा आणि जिलेटिन यांचं हाडवैर असतं. दोघं भेटले की असेच कण धरतात, नासक्या दुधासारखे. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेतला होता, आणि बुधवारपासून तेच कण डोळ्यांसमोर हलवत बसल्या होत्या. बाईंना स्वतःचा राग आला.

"फर्मीन," त्यांनी काब्रालसरांना बोलावलं, "ही बाटली कुणी आणली?"

"मी. शुक्रवारी सकाळी नवी फोडून ठेवली. भरलेली आहे की अजून."

"तेच तर."

बाईंनी ग्लासात मिठाचं पाणी केलं. चांदीचा थेंब मिठात पडला की पांढरं धुकं पसरतं. त्यांनी बाटलीतले थेंब टाकले. पाणी नितळ राहिलं. आणखी टाकले, तरी नितळच.

"यात साधं पाणी आहे," सर पुटपुटले. "आणि आम्ही सोमवारी कच्चा लेट्यूस खाल्ला. कुणाचं पोट बिघडलं कसं नाही?"

बाईंना पेर्लानं घरून धुऊन आणलेला डबा आठवला. कुणाचं पोट बिघडलं नव्हतं, कारण सोमवारची भाजी या बाटलीनं धुतलीच नव्हती. बाटलीत पाणी आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच सगळ्यांच्या पोटाची काळजी पडली होती. त्या काळजीनंच चोर दाखवून दिला होता, आणि हे बाईंना मुळीच आवडलं नाही.

६

शुक्रवारी सकाळी पेर्ला गच्चीवर होती. तिथं गोबेर्नादोराच्या फांद्या वाळत टांगलेल्या असत. हे झुडूप मोठं मत्सरी. आपल्या बुडाशी दुसरं रोप उगवू देत नाही, म्हणून तर लोकांनी त्याला कारभारणीचं नाव दिलंय. बाई जिने चढून धापा टाकत आल्या आणि उपड्या बादलीवर बसल्या.

"लेट्यूस घरी का धुतलास, पोरी?"

पेर्लाच्या हातातली फांदी खाली आली. मग ती शेजारी जमिनीवरच बसली.

"उलिसेसला पोटाचा जुना त्रास आहे," ती म्हणाली. "थेंब काढ्यात ओतून बाटलीत पाणी भरून ठेवलं खरं, पण रविवारभर मला तेच दिसत होतं. सगळे ती भाजी खाणार."

"चांदी पानात का घातलीस, ते मी सांगू? तुला सुलेमाला पाडायचं नव्हतं. पाडायचं असतं तर तिच्या औषधात मीठ घातलं असतंस. तुला पानाला जिंकवायचं होतं."

"भांडी विसळलेलं पाणी म्हणाली ती." पेर्लाचा आवाज चिरका झाला. "माझ्या आईला. जिनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. तिची आई टेक्सासला हॉटेलात खाटा आवरायला गेली ती गेलीच. मग आमच्याच ताटात तिचा घास, माझ्याच अंथरुणात ती. आणि वर्गात पहिली ती, शिष्यवृत्ती तिला, लिस्बन तिला. तेही मी गिळलं. पण आईचं पान तिच्या चांदीपुढं सगळ्यांसमोर हरलेलं मला बघवणार नव्हतं. मला वाटलं, परीक्षक म्हणतील, वा, पानातही गुण आहे. एवढंच. तिचा प्रबंध जाईल असं मनातसुद्धा आलं नाही."

"मनात नव्हतं आलं, ठीक. पण मंगळवारपासून बघते आहेस ना? तेव्हा का नाही बोललीस?"

बाईंना याचं उत्तर नको होतं. तीन दिवस बहिणीला बुडताना बघण्यात काय गोडी असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते सांगावं लागत नाही.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "पानाला चांदीची मदत लागेल, हे तुला आधीच कळलं होतं. म्हणजे नुसतं पान तू तपासून पाहिलं होतंस."

"पुन्हा पुन्हा," पेर्ला रडू लागली. "आईच्या रानातलं, आईनं स्वतः वाळवलेलं. तिच्यासारखंच मंद आचेवर उकळलं. एवढंसंसुद्धा कडं नाही, बाई. मग लोकांचे पाय बरे कसे झाले तिच्या हातून? मी डोळ्यांनी पाहिलेत. आई खोटारडी नाही."

बाईंनी काठी उचलली.

"खाली समिती बसलीय," त्या उठत म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर कबुली. तुझं तू ठरव, पण जिना उतरेपर्यंत ठरव."

७

पेर्लानं सांगितलं. उभ्यानं, लेट्यूसच्या डब्यापासून सगळं. त्रेविन्योंनी मिठाच्या पाण्याचा प्रयोग पुन्हा करायला लावला, कण तपासले आणि म्हणाले, "कुमारी आविलांवर ठपका नाही. प्रबंधाचा विचार आजच करू. दुसऱ्या कुमारींचं काय करायचं ते संस्था ठरवील."

दोघी बाहेर आल्या. मागून बाई काठी टेकत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही, पण तो दांडा आता भिंतीला टेकून हुंदके देत होता.

"तुला लाज नाही वाटली?" सुलेमा फिस्कारली. "माझ्या शेजारी झोपत होतीस. मी रडत होते तर पाणी आणून देत होतीस."

"आणि तुला? माझ्या आईच्या औषधाला शिव्या घालताना?"

"औषधाला नाही, पानाला. नुसत्या पानाला." सुलेमाचा आवाज चढला. "तू स्वतःला मावशीची लेक म्हणवतेस ना? चुलीपाशी कधी थांबलीस तू? धूर लागतो म्हणून अंगणात पुस्तक घेऊन बसायचीस. लाकडं मी आणायची, पातेलं मी उतरवायची. मावशी काढ्यात चांदीचा पेसो टाकायची, गं. जुनं नाणं ते, तिच्या आईचं. पानांबरोबर उकळायची आणि गाळताना काढून परत खिशात ठेवायची. पेसो नसेल तर पान म्हणजे विसळलेलं पाणी, हे तीच म्हणायची. मी तिचंच बोलले रेडिओवर."

पेर्लाचं रडणं थांबलं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. "हे प्रबंधात कुठं आहे? मी चाळलाय तो. त्यात चांदीची कल्पना तुझी म्हणून लिहिलीय."

सुलेमाचा आवेश ओसरला.

"हिला आई होती," ती हळू म्हणाली. "घर हिचं, अंगण हिचं, मावशी रात्री कुशीत घ्यायची ती हिला. पेसो तेवढा फक्त मी पाहिला होता. वाटलं, निदान तेवढा तरी माझा असावा."

आत कागद चाळल्याचा आवाज येत होता. आत्ता गप्प राहिलं तर संध्याकाळपर्यंत सुलेमा डॉक्टर झालेली असणार होती, आणि बोललं तर काय होईल ते तिघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. बाईंनी दार उघडलं आणि धरून ठेवलं.

सुलेमा आत गेली. ती काय बोलत होती ते नीट ऐकू आलं नाही. फक्त त्रेविन्योंनी लेखणी खाली ठेवली ते दिसलं, आणि काब्रालसरांचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला.

"मग हे औषध मुळात कुणाचं म्हणून लिहायचं?" त्रेविन्योंनी विचारलं.

"आनास्तासिया एस्कोबेदो," सुलेमा म्हणाली. "माझी मावशी."

"माझी आई," दारातून पेर्ला म्हणाली.